वाचकाचा पगार

१९०७ साली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने एक छोटा कायदा केला. कॉलेजात शिकणाऱ्या अंध विद्यार्थ्यासाठी राज्याच्या तिजोरीतून वर्षाला ३०० डॉलर मिळतील आणि ते पुस्तकं वाचून दाखवणाऱ्याच्या मेहनतान्यावर खर्च होतील, एवढीच त्यातली तरतूद. फी नाही, राहणं-जेवण नाही, कपडालत्ता नाही. फक्त वाचक. अपंग विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारं जे पैसे देत आली, त्या सगळ्या इतिहासात मला हा कायदा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात गरजेचं नाव स्वच्छ लिहिलेलं आहे. विद्यार्थी हुशार आहे, कॉलेजाने त्याला घेतलं आहे, पुस्तक समोर आहे. अडलं आहे ते छापील अक्षर त्याच्या कानापर्यंत पोचण्यात. तिथे एक माणूस हवा आणि त्या माणसाला पगार हवा.

या कायद्यासाठी खटपट करणारे न्यूएल पेरी स्वतः अंध होते. जन्म १८७३ चा, उत्तर कॅलिफोर्नियातला. आठव्या वर्षी रानातल्या एका विषारी झुडपाची बाधा झाली आणि दृष्टी गेली. बर्कलीच्या अंधशाळेतून ते डोळस मुलांच्या हायस्कुलात गेले, तिथून कॅलिफोर्निया विद्यापीठात. १८९६ साली पदवीधर झाले. पुढे युरोपात जाऊन १९०१ मध्ये म्युनिकहून गणितात डॉक्टरेट मिळवली. एवढं शिकून परतल्यावरही अमेरिकेतल्या विद्यापीठांची दारं त्यांना बंदच राहिली. न्यूयॉर्कमध्ये गणिताच्या शिकवण्या करून ते पोट भरत होते, आणि त्याच दिवसांत आमदारांचे उंबरे झिजवत होते. १९१२ साली ते बर्कलीच्या आपल्या जुन्या शाळेत शिक्षक म्हणून परतले. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियानेही वाचकांसाठी तसाच कायदा केला. पुढची पस्तीसेक वर्षं ते तिथेच शिकवत राहिले. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी जेकोबस टेनब्रोक पुढे घटनाकायद्याचे नामवंत अभ्यासक झाले, आणि १९४० मध्ये अमेरिकेतल्या अंधांची राष्ट्रीय संघटना त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. वाचकाच्या पैशांवर शिकलेली पिढी पुढे काय करते, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

पगारी वाचक आणि उपकार म्हणून वाचणारा माणूस यांत फरक काय, हे वाचनाला बसल्यावर कळतं. अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलं आहे. वाचक पानाचा आकडा सांगतो, मग मथळा, मग मजकूर. मध्येच तळटीप येते. ती आत्ता वाचायची की परिच्छेद संपल्यावर, हे विद्यार्थी ठरवतो. अवतरण कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हे बोलून सांगावं लागतं, नाहीतर लेखकाचं मत कुठलं आणि ज्याचं खोडून काढतो आहे त्याचं कुठलं, याचा घोळ होतो. तक्ता आला की ओळीने वाचायचा की रकान्याने, हे आधी ठरवून घ्यावं लागतं. आलेख आला की शब्दांत सांगावा लागतो: रेघ कुठून निघाली, कुठे वळली, कुठे दुसरीला छेदून गेली. विद्यार्थ्याच्या मांडीवर ब्रेलची पाटी असते. तो टोचणीने टिपणं काढतो, म्हणून वाचकाला थांबत थांबत वाचावं लागतं. एखादं पान तीनदा हवं असतं. एखादं प्रकरण मध्येच सोडून द्यायचं असतं. फुकट वाचणाऱ्या मित्राला तिसऱ्यांदा ‘परत वाच’ म्हणताना जीभ अडखळते. त्याची स्वतःची परीक्षा आठ दिवसांवर आलेली असते, आणि ते दोघांनाही ठाऊक असतं. पगारी वाचकाला मात्र ‘उद्या सातला ये, मागणी-पुरवठा पुन्हा घेऊ’ असं सांगता येतं. पेरींच्या कायद्याने विद्यार्थ्याला ही मोकळीक दिली.

त्याआधी शिकलेली अंध माणसं नव्हती असं नाही. पण त्यांच्या मागे कोणाचं तरी घर, कोणाची तरी थैली उभी होती. इंग्लंडचे हेन्री फॉसेट हे आपल्याकडच्या वाचकांना आठवतील असं नाव. १८५८ साली शिकारीत वडिलांच्याच बंदुकीचे छर्रे लागून ऐन पंचविशीत त्यांचे दोन्ही डोळे गेले. पाच वर्षांत ते केंब्रिजमध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, पुढे खासदार आणि मग ब्रिटनचे पोस्टमास्तर जनरल. पार्लमेंटात हिंदुस्थानच्या तिजोरीचा हिशेब ते इतक्या चिकाटीने मागत, की त्यांना हिंदुस्थानचा खासदार म्हटलं जाई. हिंदुस्थानच्या वित्तव्यवस्थेची चौकशी करणाऱ्या ज्या समितीत ते होते, तिच्यापुढे १८७३ मध्ये दादाभाई नौरोजींची साक्ष झाली. अंदाजपत्रकांचे ते आकडे फॉसेटांनी कानाने वाचले. त्यांच्या पत्नी मिलिसेंट, पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीच्या नेत्या, कित्येक वर्षं त्यांच्या चिटणीस होत्या. फॉसेटांची विद्वत्ता त्यांची स्वतःची होती, पण वाचनाची सोय घरातून झाली होती.

हेलन केलर १९०० साली रॅडक्लिफ कॉलेजात गेल्या तेव्हाही हेच होतं. वर्गातलं व्याख्यान आणि ब्रेलमध्ये नसलेली पुस्तकं अ‍ॅन सलिव्हन त्यांच्या तळहातावर एकेक अक्षर करून लिहीत. सलिव्हनबाईंची स्वतःची नजर लहानपणापासून अधू होती. या शिक्षणाचा खर्च धनिकांनी उचलला. मार्क ट्वेनने आपल्या मित्राच्या, स्टँडर्ड ऑइलच्या हेन्री रॉजर्स यांच्या घरी त्यासाठी शब्द टाकला होता. १९०४ मध्ये केलर सन्मानाने पदवीधर झाल्या. जगाने त्या दोघींचं कौतुक केलं, ते रास्तच होतं. पण ज्या मुलीच्या ओळखीत मार्क ट्वेन नाही, तिने काय करायचं? तीन वर्षांनी न्यूयॉर्कच्या कायद्याने या प्रश्नाला पहिलं सरकारी उत्तर दिलं.

हे उत्तर फार दिवस तसंच स्वच्छ राहिलं नाही. पहिल्या महायुद्धानंतर जखमी सैनिकांच्या पुनर्वसनाचा विषय निघाला आणि १९२० मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने नागरिकांच्या व्यवसाय-पुनर्वसनासाठी राज्यांना पैसे द्यायला सुरुवात केली. पैसा वाढला, योजना वाढल्या; अंध विद्यार्थ्यांपुरती असलेली मदत हळूहळू इतर अपंगांपर्यंतही पोचली. पण त्याबरोबर एक अट आली. शिकून हा माणूस नोकरी करू शकेल का? करू शकणार असेल तर पैसे. विद्यार्थ्याची पारख प्राध्यापकाऐवजी पुनर्वसन खात्याचा अधिकारी करू लागला.

या अटीवर सगळ्यांत जोरात धडकले एड रॉबर्ट्‌स. १९५३ साली, चौदाव्या वर्षी पोलिओ झाला आणि मानेखालचं शरीर जवळजवळ निकामी झालं. रात्री ते लोखंडी फुप्फुसात, म्हणजे श्वास चालू ठेवणाऱ्या यंत्रात, झोपत. १९६२ मध्ये त्यांना बर्कलीला शिकायचं होतं, तर कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याने पैसे नाकारले: हा मुलगा कधी नोकरी करू शकणार नाही, मग त्याच्या शिक्षणावर खर्च कशाला? वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर खात्याने माघार घेतली. वसतिगृहाच्या खोल्यांत लोखंडी फुप्फुस मावेना, म्हणून विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयातच त्यांची राहायची व्यवस्था झाली. मागोमाग तसेच आणखी विद्यार्थी आले, आणि त्या मजल्यावरून अपंगांच्या स्वतंत्र जगण्याची चळवळ उभी राहिली. १९७५ मध्ये राज्यपाल जेरी ब्राउन यांनी रॉबर्ट्‌स यांना नेमलं ते त्याच पुनर्वसन खात्याच्या संचालकपदावर.

१९७३ च्या पुनर्वसन कायद्यातल्या कलम ५०४ ने चित्र पुन्हा बदललं. केंद्राचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेने अपंगत्वामुळे भेदभाव करायचा नाही, असं ते कलम म्हणतं. म्हणजे कर्णबधिर विद्यार्थ्याला दुभाषा, अंधाला वाचक पुरवणं हे कॉलेजाचं काम. चार वर्षं नियमच निघेनात, तेव्हा १९७७ च्या एप्रिलमध्ये अपंग कार्यकर्त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कचेरीत तीन आठवड्यांवर मुक्काम ठोकला आणि नियम पदरात पाडून घेतले. पण पैसे कोणी द्यायचे हे भांडण मिटलं नाही. कॉलेज म्हणे, पुनर्वसन खातं देईल. खातं म्हणे, आता कायदा झालाय, कॉलेज देईल. इलिनॉयमधल्या एका कर्णबधिर विद्यार्थ्याच्या दुभाष्याचं बिल थेट केंद्रीय अपील न्यायालयापर्यंत गेलं. १९८२ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की अशा विद्यार्थ्याच्या बाबतीत पहिली जबाबदारी राज्याच्या खात्याची. तोवर दुभाष्याशिवाय बुडालेले तास कोणी भरून देणार नव्हतं.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत अ‍ॅना मिलार्डबाईंनी १९०० साली काढलेली दादरची अंधशाळा आणि १९०२ ची ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा या फार जुन्या. ब्रेल, संगीत, वेताच्या खुर्च्या विणणं इथपर्यंत या शाळा मुलांना नेत. कॉलेजाची वाट त्यापुढे ज्याची त्याने शोधायची. सरकारने अंधांकडे धोरण म्हणून पाहिलं ते दुसऱ्या महायुद्धात. गॅलिपोलीच्या रणांगणावर दृष्टी गमावलेले न्यूझीलंडचे सर क्लूथा मॅकेंझी त्या वेळी हिंदुस्थानात होते. डेहराडूनला युद्धात अंध झालेल्या सैनिकांच्या केंद्राची धुरा त्यांच्याकडे होती. हिंदुस्थानातल्या अंधत्वाविषयीच्या १९४४ च्या सरकारी अहवालाच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. त्यातून शिक्षण खात्यात अंधांसाठी वेगळा कक्ष आला, आणि १९४७ साली त्या कामावर लाल अडवाणी रुजू झाले. ते स्वतः अंध होते. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली, म्हणजे मराठी, तमिळ, बंगाली अशा सगळ्या भाषांना मिळून एक टिंबलिपी झाली. पाठोपाठ १९५५ पासून केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या द्यायला सुरुवात केली. अंध विद्यार्थ्याच्या रकमेला इथेही वाचक भत्त्याची जोड होती. न्यूयॉर्कची फाईल कोणी दिल्लीला आणली म्हणून हे घडलं असं म्हणायचं कारण नाही. गरज तीच होती, आणि ती ओळखणारी माणसं त्या खात्यात बसलेली होती.

दुसरा प्रवाह याच्याही आधी निघाला होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी सरकारकडे पैसे मागितले, आणि १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज देशभर ‘पोस्ट मॅट्रिक’ म्हणून जी ओळखली जाते तिचं मूळ हे. अभ्यासक्रमांचे गट पाडायचे, वसतिगृहवासी आणि घरून येणारा यांचे दर वेगळे ठेवायचे, हा सांगाडा इतका पक्का बसला की पुढे अपंगांच्या योजनाही त्याच्यावरच बेतल्या गेल्या. आणि याच योजनेत अनुसूचित जातींतल्या अपंग विद्यार्थ्यांसाठी वाचक भत्ता, मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता अशा ओळी जोडल्या गेल्या. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. जातीची आणि अपंगत्वाची अडचण एकाच मुलीच्या वाट्याला येते तेव्हा एका शिष्यवृत्तीने दोन्ही भागत नाहीत, हे या ओळींनी मान्य केलं होतं.

१९७४ मध्ये केंद्राने अपंगांची १९५५ ची शिष्यवृत्ती राज्यांकडे सोपवली. महाराष्ट्रात ती समाजकल्याण खात्याकडून मिळत राहिली. जिल्ह्याच्या कचेरीतला अर्ज, सिव्हिल सर्जनच्या सहीचा दाखला, प्राचार्यांचा शिक्का, उत्पन्नासाठी तहसीलदार. पुढे हे सगळं महाडीबीटीच्या पोर्टलवर आलं आणि २०२२ च्या डिसेंबरात राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने शिष्यवृत्त्यांची योजना आखणं सरकारला बंधनकारक केलं, अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्याला लेखनिक पुरवणं संस्थेवर टाकलं आणि सरकारी व अनुदानित संस्थांत ३ टक्के जागा राखायला सांगितल्या. २०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणातल्या जागा ५ टक्के केल्या, अपंगत्वाचे प्रकार सातावरून २१ वर नेले. आकड्यांनी दारं रुंदावली, यात शंका नाही.

रकमांकडे पाहिलं की मात्र मन खट्टू होतं. शाळकरी मुलांच्या एकात्म शिक्षणाच्या योजनेत १९९२ च्या सुधारणेनंतर पाचवीपुढच्या अंध मुलाला वाचकासाठी महिन्याला ५० रुपये होते. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०१० च्या सुधारणेनंतर वरच्या दोन गटांत महिन्याला २४० रुपये, अकरावी-बारावीच्या शेवटच्या गटात १६०. २४० म्हणजे दिवसाला ८ रुपये. पीएचडी करणाऱ्याला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या फेलोशिपमध्ये याच कामासाठी महिन्याला २,००० मिळत. म्हणजे वाचकाच्या वेळेला किंमत असते हे सरकारला ठाऊक होतं, फक्त बीएच्या मुलीच्या वाचकाची ती धरायची नव्हती. या पैशांत वाचक मिळत नाही. पुण्या-मुंबईत संध्याकाळी कॉलेजच्या व्हरांड्यात बसून वाचणाऱ्या आजी-आजोबांनी, बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी आणि एनएसएसच्या पोरापोरींनी ही तूट वर्षानुवर्षं भरून काढली. कॅसेटच्या काळात या लोकांनी घरी बसून पुस्तकंच्या पुस्तकं नव्वद मिनिटांच्या टेपांवर वाचून काढली. ‘बाजू अ संपली’ असं सांगणारे त्यांचे आवाज कित्येक अंध पदवीधरांना आजही ओळखता येतील. त्यांचं ऋण मोठं आहे. पण सोलापूरच्या किंवा नंदुरबारच्या तालुक्यातल्या मुलाला हे काका कुठून मिळणार?

आता तर वाचक भत्त्याची ती ओळच राहिली नाही. २०२१ च्या सुधारित नियमांत अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतले अपंगांचे वेगवेगळे भत्ते जाऊन दिव्यांग विद्यार्थ्याला सरसकट १० टक्के जादा रक्कम आली. वरच्या गटातल्या, घरून येणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला ७,००० रुपये मिळतात. त्याचे १० टक्के म्हणजे ७००. वाचकाचे २४० रुपये बारा महिन्यांचे २,८८० होत होते. केंद्राच्या दिव्यांगांसाठीच्या मॅट्रिकोत्तर योजनेतही आता ‘दिव्यांगत्व भत्ता’ आहे: दृष्टिबाधिताला वर्षाला ४,००० रुपये, कर्णबधिराला आणि अस्थिव्यंगाला २,०००. हिशेबाला हे सोपं पडतं, विद्यार्थ्यावर कशावर खर्च केला याच्या पावत्या जोडायची सक्ती राहत नाही, हे मान्य. पण पेरींच्या कायद्यात पैसे एका कामाचे होते, त्या कामाचे तास मोजता येत होते, आणि रक्कम कमी पडली तर ती वाढवून मागता येत होती. दाखल्यावरच्या प्रकाराप्रमाणे ठरलेली रक्कम कशाला पुरत नाही, हे सिद्ध करणार कसं? कर्णबधिर मुलाला इंजिनिअरिंगच्या वर्गात वर्षभर सांकेतिक भाषेचा दुभाषा २,००० रुपयांत कुठल्या शहरात मिळतो, असा प्रश्न अर्जात कुठेच विचारता येत नाही.

संगणक बोलू लागल्यापासून वाचकाची गरज संपली, असं अनेकांना वाटतं. खूप काही सोपं झालं, हे खरंच. मुंबईत झेवियर्स कॉलेजच्या दृष्टिबाधितांसाठीच्या केंद्रासारख्या संस्थांनी २००३ पासून हे तंत्र विद्यार्थ्यांच्या हाती दिलं, पुस्तकांच्या सुगम प्रतींसाठी कॉपीराइट कायदा बदलावा म्हणून लढा दिला, आणि २०१२ मध्ये तो बदलला. अंधांसाठी पुस्तकं देशोदेशी मोकळेपणाने नेण्या-आणण्याचा माराकेश करार २०१४ मध्ये सगळ्यांत आधी मंजूर करणारा देश भारत होता. पण जुन्या मराठी ग्रंथाचं पिवळं पान स्कॅन करा: र्‍य, ह्म, ष्ठ अशी जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, आणि यंत्र जे वाचतं त्यातून इतिहासाचा पेपर लिहिता येत नाही. संदर्भग्रंथांचे तक्ते, संख्याशास्त्राची सूत्रं, नकाशे, प्राध्यापकांनी फळ्यावर काढून लगेच पुसलेल्या आकृत्या, झेरॉक्सची झेरॉक्स होऊन आलेल्या नोट्‌स. इथे अजूनही माणूसच लागतो. तो लायब्ररीत दोन तास बसणारा, त्याच विषयाचा एमएचा विद्यार्थी असला तर उत्तम, आणि त्याला तासाचे पैसे मिळाले पाहिजेत.

म्हणून वाचकाची ती ओळ नियमांत परत यायला हवी, आणि तिच्या जोडीला दुभाष्याचीही. मासिक ठोक रक्कम म्हणून नको. तासाच्या दराने, कॉलेजच्या हजेरीपत्रकावर, राज्याच्या किमान वेतनाला बांधलेली, दर वर्षी महागाईबरोबर वाढणारी. वाचक निवडायचा अधिकार विद्यार्थ्याचा. कॉलेजाने द्यायचे की समाजकल्याणने, हा वाद त्या दोघांनी आपसात मिटवावा. जूनमध्ये वर्ग सुरू होतात, त्या दिवसापासून वाचक बसलेला असावा.